खणकाकांची ‘आधी वाचा’

ऑफिसात त्यांना सगळे खणकाका म्हणत. टेबलाच्या खणात पेनं वेगळी, पिना वेगळ्या, चष्म्याचं फडकंसुद्धा वेगळं. पन्नाशी उलटलेला माणूस, दोन वर्षं काम नसताना घरी बसलेला. तीन महिने काम बघून साहेब त्यांना कायम करणार होते. मला मात्र ते पहिल्या दिवसापासून खटकले. इतकं गोड बोलणारा माणूस सरळ असतो होय?

आमचं काम दवाखान्यांच्या वेबसाइटचं. पेशंट, डॉक्टर, अपॉइंटमेंट, अशा प्रत्येकाची माहिती कशी साठवायची हे सांगणारी एकेक फाइल असते, तिला आम्ही मॉडेल म्हणतो. आठ वर्षं मी सगळी मॉडेल्स एकाच फोल्डरात कोंबत आले. ‘पेशंट’, ‘पेशंट नवा’, ‘पेशंट खरा शेवटचा’. त्यातलं चालू कुठलं आणि मेलेलं कुठलं, ते फक्त मला ठाऊक.

आणि हे महाशय माझा ढीग उपसायला लागले! पेशंटचं मॉडेल, त्याचा फॉर्म, ते नीट चालतं का बघायच्या चाचण्या, सगळं एका फोल्डरात. डॉक्टरांचं दुसऱ्यात.

"काका, हे कुणाला विचारून?"

"साहेबांना विचारलंय. ताई, तुम्ही एकदा बघा तरी."

"मला नका शिकवू!"

कुठेतरी पाणी मुरत होतं. हा सगळं आपल्या मनासारखं लावणार, मग किल्ली याच्याकडे आणि मी दारात. घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणतो, "अगं, आवरतोय बिचारा."

"तू गप रे! आवरणारेच आधी लपवतात."

प्रत्येक नव्या फोल्डरात त्यांची एक छोटी फाइल असायची, ‘आधी वाचा’. स्वतःची टिमकी वाजवली असणार, म्हणून मी एकही उघडली नाही. उलट हललेल्या फाइलींची यादी करून साहेबांपुढे ठेवली. "हे उद्या गेले, तर इथलं कुणाला काही सापडायचं नाही."

आठ वर्षांचा माझा शब्द. शुक्रवारी साहेबांनी काकांना कायम करत नसल्याचं सांगितलं. खण रिकामा करून ते माझ्या टेबलापाशी आले. "येतो ताई. सांभाळा." मी मान वरसुद्धा केली नाही.

सोमवारी अपॉइंटमेंटचं पान बंद पडलं. दवाखान्यांचे फोनावर फोन. नाइलाजाने काकांचं ‘अपॉइंटमेंट’चं फोल्डर उघडलं, आणि दहा मिनिटांत चूक सापडली. माझ्या ढिगात अख्खा दिवस गेला असता. मग ‘आधी वाचा’ उघडली.

"यातलं अवघड काम सगळं ताईंचं. मी फक्त जागा लावल्या. काही बदलायचं असेल तर आधी त्यांना विचारा."

दुसरं फोल्डर उघडलं. तिथेही तेच. तिसऱ्यातही.

आपल्यावरून जग ओळखायचं, दुसरं काय! आठ वर्षं किल्ली कमरेला लावून मीच बसले होते. लाज वाटली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तशीच उठून केबिनमध्ये गेले. "सर, काकांना परत बोलवा. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं."

साहेबांनी माझी ती यादी माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाले, "फोन तू करायचा."

फोन हातात घेतला, तर त्यांचा नंबर मी कधी घेतलेलाच नव्हता. तो ‘आधी वाचा’च्या अगदी तळाला, मघाशी न वाचलेल्या शेवटच्या ओळीत सापडला. शेजारी लिहिलं होतं, "ताई, अडलं तर केव्हाही फोन करा."