महिपतीआबांनी खत तोडलं

टाकव्याचे महिपतीआबा म्हणजे रस्त्यानं जाता जाता दुसऱ्याच्या भातात युरिया किती पडला ते सांगणारा माणूस. स्वतःच्या मोठ्या आतड्यातली कॅन्सरची गाठ मात्र त्यांना वर्षभर मूळव्याध वाटली. शेवटी तळेगावच्या दवाखान्यात वीतभर आतडं कापलं. पुढं चार दिवस अख्ख्या वॉर्डाचे कान एकाच गोष्टीकडं, आबांचा वारा कधी सरतो. पाचव्या सकाळी सरला, तोही असा की शेजारच्या खाटेवरच्यानं हात जोडले. डॉक्टर म्हणाले, आता मऊ भात, अंडं चालू करा.

तेवढ्यात मानसी आली. ती तिथं संशोधन करायची. तिनं ऑपरेशनच्या आधी आबांचं रक्त नेलं होतं, आता परत सुई काढली.

"माजं रगत किती पिनार हाईस, पोरी?"

"आबा, ऑपरेशन झालं की रक्तात वाढीचे घटक वाढतात. जखम भरायला शरीरच ते सोडतं. किती वाढतात, किती दिवस राहतात, ते मोजतोय."

"म्हंजी युरियाच की. अन् गाठीचं बी आत ऱ्हायलं आसंल, तर त्येला बी ह्यो युरिया घावनार?"

मानसी घुटमळली. "तशी शंका आहे. नक्की अजून कुणाला ठाऊक नाही."

झालं. बायकोनं, रतनबाईनं भाताचा डबा उघडला, तर आबांनी भिंतीकडं तोंड केलं. "खत बंद."

दोन दिवस घास नाही. डॉक्टर तापले, जोडलेलं आतडं उसवलं तर पुन्हा पोट फाडावं लागेल म्हणाले. आबा ढिम्म. लग्नात रुसले होते तेव्हा सासऱ्याच्या अंगठीवर भागलं होतं, इथं कोण अंगठी देणार?

तिसऱ्या दिवशी रतनबाईनं मानसीला दंडाला धरून खाटेशी आणलं. "सांग ह्यास्नी. उपाशी ऱ्हायलं की तुजं त्ये खत कमी व्हतं का?"

"नाही मावशी. ते काही जेवणातून येत नाही. जखम आहे तोवर शरीर सोडणारच. उपाशी राहून जखम तेवढी भरायची राहील."

आबांनी पुन्हा भिंतीकडं तोंड केलं.

"तणाच्या भ्यानं रोप वाळवाय निगालं," रतनबाई म्हणाली. "गावात सांगू का, अवो?"

गावाचं नाव निघाल्यावर आबा उठून बसले. पहिला घास नुसताच तोंडात घोळवला. मग हळूच मानसीला विचारलं, "अन् उगवलंच तर?"

"तपासणीला येत राहा. उगवलं तर लवकर दिसेल."

"बारकं आस्तानाच उपटाय सोपं जातं," आबा म्हणाले, आणि त्यांनी अंड्याकडं हात नेला.