भाऊजींची कुजणारी पिशवी

स्वतःच्या हातची वस्तू कुजली म्हणून पेढे वाटणारा माणूस अख्ख्या बदलापुरात एकच, आणि तो माझा थोरला दीर आहे. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याच्या लॅबमध्ये भाऊजी मक्याच्या प्लास्टिकची पिशवी करायच्या खटपटीत होते. वापरून झाली की मातीत मिसळून जाणारी. नुसत्या मक्याची पिशवी पापडासारखी मोडायची, म्हणून त्यांनी त्यात दुसरं मऊ, पण तसंच कुजणारं प्लास्टिक घातलं. ती दोन काही एकजीव होईनात. मग ती जुळून यावीत म्हणून डोळ्यांना दिसणारही नाही इतकी बारीक चिकणमाती मिसळली. हे सगळं मला पोळ्या लाटताना कळलं, कारण भाऊजी माझ्या हातातला कणकेचा गोळा घेऊन त्यावरच समजावत. माती जास्त झाली की गुठळ्या होतात आणि पिशवी नेमकी तिथेच फाटते, हे त्यांनी दूधवाल्यालाही सांगून ठेवलं होतं. घरातल्या प्रत्येक कडीला बटाटे भरलेल्या पिशव्या लटकत. एखादी फाटली की आम्ही सोफ्याखालचे बटाटे शोधायचो आणि भाऊजी फाटलेली कड भिंगाखाली धरून बसायचे. पिशवीचे तुकडे कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलेले असत. एकदा पुरलेला तुकडा उकरूनही सापडला नाही, तेव्हा ते पेढे आले.

शेवटी पिशवी जमली. पण गिऱ्हाईक मिळालं तरच पुढे जाऊ, नाहीतर हा नाद बंद, असं मालकांनी सांगितलं. मी घरी कपडे विकते, माल उल्हासनगरच्या एका सिंधी शेटकडून आणते. त्यांच्याकडे भाऊजींना घेऊन गेले. शेटनी पिशवीत मावतील तेवढ्या जीन्स कोंबल्या आणि गरागरा फिरवली. पिशवी ताणली, पण फाटली नाही. मग त्यांनी विचारलं, गोदामात किती टिकेल? बोलू नका म्हणून मी पायानेच भाऊजींचा पाय दाबला. तरी ते म्हणालेच की ओल लागली तर सडेल, पावसाळ्यासाठी साठा करू नका.

शेट हसले. "साईं, सब बोलते हैं माल कभी खराब नहीं होगा. तुम पहला आदमी है." आणि दिवाळीपुरत्या पिशव्या सांगून मोकळे झाले.

परतताना रिक्षात भाऊजी पिशवीची कड बोटांनी चाचपत होते. उल्हासनगर मागे पडल्यावर हळूच म्हणाले, "चांगली झालीय ना गं?"

आजवर ते मला समजावतच आले होते, विचारलं कधी नव्हतं. मी म्हटलं, "छान झालीय, भाऊजी." त्यांनी मान हलवली आणि पिशवीची नीट घडी घालून ती खिशात ठेवली.