दोन कानांचे कप

घरी चार माणसं येणार असली, की त्या इमारतीतली कुठलीही बाई आधी बाजारकाकूंचं दार वाजवायची. टेबलावर अंथरायचं कापड मागच्या गल्लीत घ्यावं, पुढच्या दुकानात तेच दिव्याखाली चकचकीत दाखवून गळ्यात मारतात. काचेचे ग्लास उजेडात धरून पाहिल्याशिवाय पिशवीत टाकू नयेत. ताटल्या खोक्यातल्या नकोत, मांडलेल्याच घ्याव्यात. काकूंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांना पाहिलं की दुकानदार भाव सांगण्याआधी आवंढा गिळायचे.

काकूंच्या स्वतःच्या घरी मात्र चहाला कुणी येत नव्हतं. त्यांचे यजमान पेंटरकाका. बाजारातल्या निम्म्या पाट्या त्यांनीच रंगवलेल्या. आता त्यांचे हात थरथर कापायचे. एकदा वरच्या मजल्यावर मास्तरांकडे चहा घेताना कप हिंदकळला आणि शेजारी बसलेल्या मास्तरांच्या नातीवर सांडला. पोरीला फारसं भाजलं नाही. पण काका उठले ते उठलेच. त्यानंतर कुणाकडे जाणं नाही, कुणाला बोलावणं नाही. हात मांडीखाली दाबून खिडकीशी बसून राहायचे. एवढा बोलका माणूस असा मुका होऊन संपणार, या भीतीने काकूंचा डोळ्याला डोळा लागत नव्हता.

एक दिवस मास्तरांची सून आली. "काकू, चहाचे कप घ्यायचेत. चला ना बरोबर."

दुकानात खालच्या फळीवर, धुळीत, दोन्ही बाजूंना कान असलेले कप पडले होते. रुंद बुडाचे, वजनाला हलके. काकूंनी एक उचलून दोन्ही हातांत धरला. बराच वेळ धरून ठेवला.

"हेच घे," त्या म्हणाल्या. "हल्ली चांगल्या घरांतून चहा यातच देतात."

दुकानदाराने आ वासला. "काकू, अहो, हे तर सूपचे..."

काकूंनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

"...म्हणजे, फार खप आहे यांना!" असं म्हणत बिचारा धूळ पुसायला लागला.

बाजाराच्या बाबतीत काकू जन्मात पहिल्यांदा खोटं बोलल्या होत्या, आणि त्याचं त्यांना रतीभरही वाईट वाटलं नाही. मास्तरांकडचे कप पाहून तळमजल्यावरच्या बाईंनी घेतले, मग समोरच्यांनी. बघता बघता इमारतभर तेच झाले.

मग एका संध्याकाळी काकू काकांना म्हणाल्या, "मास्तरांनी बोलावलंय."

"मी येणार नाही."

"अहो, मी निवडलेले कप तरी बघा."

कुरकुरत का होईना, काका आले. ट्रे समोर आला. मास्तरांनी दोन्ही हातांनी कप उचलला, सुनेने उचलला, नातीनेही. काकांनी मांडीखालून हात काढले. कप थरथरला, पण सांडला नाही. काकूंनी मात्र स्वतःच्या चहाला तोंडही लावलं नव्हतं.

"बोला, पेंटर," मास्तर म्हणाले. आणि काका बोलायला लागले ते थांबेचनात.

जिना उतरताना त्यांनी विचारलं, "सगळ्यांकडे असलेच कप आहेत?"

"फॅशन आहे."

"सूपचे आहेत ते."

काकांनी कठडा सोडला आणि काकूंचा हात धरला. धरणारा हात कापत होता. काकांनी तो लपवला नाही.

"उद्या तळमजल्यावर जाऊ," ते म्हणाले.