कोपीचा ठिपका

भूगोलाच्या पदव्युत्तर वर्गाला मी नकाशाचं फुकट सॉफ्टवेअर शिकवतो. 'फुकट' म्हटलं की मुलांचे चेहरे पडतात. फुकटची वस्तू असून असून किती चांगली असणार! मग मी सांगतो, हे सगळ्यांनी मिळून बनवलंय, कुणीही वापरावं, कुणीही दुरुस्त करावं. तेव्हा माझा आवाज कीर्तनकारासारखा चढतो, असं मुलं माघारी म्हणतात.

पहिला धडा ठरलेला. उपग्रहाच्या चित्रावर आपलं घर शोधा, तिथे ठिपका द्या आणि तक्ता भरा. तक्ता मीच बनवला होता. 'घराचा प्रकार' या रकान्यात दोनच पर्याय: पक्कं आणि कच्चं.

एका वर्षी दिवाळीनंतरच्या वर्गात तलवाड्याकडची एक मुलगी माउसवर हात ठेवून नुसतीच बसली होती. मी जरा खेकसलोच, "काय झालं? गाव सापडेना का?"

"गाव सापडलं, सर. पण घर कंचं टाकू? दसऱ्यानंतरचं का गुढीपाडव्यानंतरचं?"

वर्गात कुणी हसलं नाही. निम्म्यांचे आईबाप दसरा करून ऊसतोडीला गेलेले होते, ते गुढीपाडव्यालाच परतणार होते.

"दोन्ही टाक," मी म्हणालो.

"मंग यात कोपी न्हाई की, सर."

कोपी म्हणजे कारखान्याच्या तळावरची पाचटाची झोपडी. तोडणी संपली की मोडायची. मी तसल्याच कोप्यांत लहानाचा मोठा झालो आणि माझ्याच तक्त्यात ती नव्हती. विसरलो म्हणालो तर खोटं होईल. मला लाज वाटायची.

मी तिथल्या तिथे तिसरा पर्याय घातला. तिने एक ठिपका गावावर, दुसरा दूर कोल्हापूरकडे दिला आणि सगळे ठिपके एकदम दाखवणारं बटण दाबलं. नकाशा झपकन मागे सरकला, तिचं गाव टिकलीएवढं झालं आणि मध्ये अर्धा महाराष्ट्र मावला.

"लई लांब हाय की," ती पुटपुटली.

वर्ग सुटल्यावर मीही आमची कोपी शोधायला बसलो. कालवा आठवत होता. काठची बाभूळ आठवत होती. तिच्या फांदीला आईने माझ्या धाकट्या बहिणीची झोळी बांधली होती. कालवा सापडला, पण त्याच्या कडेने पडदाभर नुसता ऊस. कुठल्या वळणावर, हे आईने डोळे मिटून सांगितलं असतं. ती होती तोवर मी कधी विचारलं नाही. तिने तळावरचं काही काढलं की मीच विषय बदलायचो. आता तिचं ते बोलणं ऐकायला जीव तुटतो.

शेवटी अंदाजाने ठिपका दिला आणि नावाच्या रकान्यात 'आई' लिहिलं.

आता पहिल्या धड्याला मी सगळ्यांच्या ठिपक्यांचा तोच नकाशा वर्गासमोर उघडतो. यंदा एका मुलीने, गेल्या वर्षीचा नकाशा शेजारी लावून, विचारलं, "सर, समद्यांचे ठिपके जागच्या जागी हायेत. तुमचाच कावून सरकतो?"

"शोधतोय अजून," मी म्हणालो आणि तो वळणाच्या थोडा अलीकडे ओढला.