नरडाण्याच्या सूतगिरणीतला जुना कंट्रोलर

आधीच सांगते, मी देव मानत नाही, मग भुतांचं तर नावच नको. मी पिंग मानते. पिंग म्हणजे एका मशीनने दुसऱ्याला विचारायचं, आहेस का? असेल तर उत्तर येतं, नसेल तर येत नाही. संपला विषय. नेटवर्किंगच्या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर माणूस असाच होतो... आणि इथले बाकीचे अनुभव वाचून मी आजवर हसतच आले आहे. आता तुम्ही हसा.

मी जळगावची. लग्न केलं नाही, एकटी राहते. मोठा भाऊ पाचोऱ्याला, पण धंदा आमचा दोघांचा — फॅक्टऱ्यांना वायफाय बसवून द्यायचं. मागच्या दिवाळीनंतर भाऊ गेला. हार्ट अटॅक. सकाळी फोनवर माझ्याशी केबलच्या भावावरून भांडला आणि दुपारी नाही. आई-बाप आधीच गेलेले. म्हणजे माहेर म्हणून जे काही होतं ते सगळं त्याच्यातच होतं.

नरडाण्याला एक सूतगिरणी आहे. तिथलं वायफाय भावानेच बसवलेलं. छताला पांढरे डबे असतात ना, ते ॲक्सेस पॉइंट. आणि त्या सगळ्यांचा मुकादम म्हणजे कंट्रोलर. जुन्या कंट्रोलरचा पॉवर सप्लाय जळाला म्हणून मी नवा बसवला. तर मिलवाल्यांची तक्रार सुरू — "मॅडम, लाइट जाऊन आली की तुमचे डबे जॉइन व्हायला फार वेळ लावतात, तोवर आमचे स्कॅनर बंद!"

कारण साधं होतं. या डब्यांच्या पोटात जुन्या मुकादमाचा पत्ता लिहिलेला असतो. चालू झाले की आधी त्याचंच दार वाजवतात, वाट बघतात, परत वाजवतात. दमले की मग नव्याकडे वळतात. उपाय एकच, प्रत्येक डब्याला जुनं सगळं विसरायला लावायचं. त्यासाठी गिरणी बंद हवी. मी मुद्दाम आखाजीचा दिवस मागून घेतला.

आखाजी म्हणजे आमच्या खानदेशची अक्षय्य तृतीया. त्या दिवशी सासरच्या पोरी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि घरोघरी पितरांच्या नावाने घागर भरतात. घागरीवर खरबूज ठेवायचं, उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट लावत गेलेल्यांची नावं घ्यायची. आमच्या घरात, माणूस गेल्यावरच्या पहिल्या आखाजीला त्याचं नाव बहिणीने घ्यायचं असतं. ते घेतलं की तो पितरांत गेला. वहिनी आठवडाभर फोन करत होती आणि मी काम आहे, काम आहे म्हणत टाळत होते. खरं सांगायचं तर मला त्याला कुठेही जाऊ द्यायचं नव्हतं.

गेटवर वॉचमन नाना जेवायला घरी निघाले होते. आमच्या अहिराणीत म्हणाले, "मॅडम, बठ्ठा लोके घर गयात. आखाजीना दिन माहेर सोडीसन आठे काय करी ऱ्हायन्यात तुम्ही?"

"मन्हं माहेर बंद पडनं, नाना," मी म्हटलं. त्यांनी किल्ल्या दिल्या आणि गेले.

एवढी मोठी गिरणी, आणि सूत कातणारी एकही चाती फिरत नव्हती. बाहेर ऊन रटरटत होतं. मी एकेक डबा साफ करत, म्हणजे त्याला जुनं विसरायला लावत, सुताच्या गोडाऊनपर्यंत आले. तिथला डबा आधी एकदा बंद करून चालू केला, किती छळतो ते बघावं म्हणून. तर काय! लगेच दिवा स्थिर. म्हणजे जॉइन झाला. मी खूश. नव्या कंट्रोलरवर बघते तर याचं नावच नाही. स्टुलावर चढून केबल लावली, लॅपटॉपवर त्याची बडबड वाचली. तो जॉइन झाला होता — जुन्या कंट्रोलरला.

म्हटलं, कोणा शहाण्याने तो पत्ता दुसऱ्या मशीनला दिला असणार. पिंग केलं. उत्तर आलं. उत्तर देणाऱ्याचा एमएसी ॲड्रेस काढला, तो प्रत्येक मशीनचा वेगळा असतो. मग पिंग चालूच ठेवून लॅपटॉपसकट सर्व्हर रूममध्ये गेले, टेबलावर पडलेला जुना कंट्रोलर उलटा केला आणि खालचं स्टिकर वाचलं. तोच नंबर! वीज नाही, केबल नाही, पॉवर सप्लाय जळालेला. हात लावला तर गरम लागला... पण आखाजीच्या दुपारी नरडाण्यात गरम काय नसतं?

मला भीती वाटली नाही. हेवा वाटला. त्या पत्र्याच्या डब्याने हाक मारली आणि त्याला ओ मिळाली. मी इतके महिने मारतेय, मला नाही मिळाली. खुर्ची ओढून तिथेच बसले. स्क्रीनवर एकामागून एक उत्तरं येत होती आणि मी मोठमोठ्याने रडत होते. ऐकायला होतं कोण!

तेवढ्यात वहिनीचा फोन. या वेळी उचलला.

"काय करी ऱ्हायनी वं?"

"काम."

"घागर तशीच ठेयेल शे. तू नाव ले, मग मी भरसू. मी सकायपाईन पानी बी पिधं नही."

"वहिनी, तू जेवून घे ना. का अशी छळतेस मला?"

"तू तठूनच नाव ले, माय. मी आठे कुकूनं बोट लावस."

मी स्क्रीनकडे बघितलं. उत्तरं येत होती. मला आतून वाटलं, नाव घेतलं की हे थांबेल. असं वाटायला काही म्हणता काही आधार नव्हता. पण बाई सकाळपासून उपाशी होती, आणि माझा भाऊ गेला तसा तिचा नवरा गेला होता. जन्मभर मी त्याला भाऊच म्हटलं. पहिल्यांदा नावाने हाक मारली — "सुभाष."

फोनमधून घागरीत पाणी पडल्याचा आवाज आला. स्क्रीनवर ओळ उमटली, रिक्वेस्ट टाइम्ड आउट, म्हणजे उत्तर आलं नाही. मग तीच ओळ परत, आणि परत. गोडाऊनमध्ये धावत गेले. दिवा लुकलुकत होता. बघता बघता स्थिर झाला. नव्या कंट्रोलरवर त्याचं नाव आलं होतं. मी तो डबा अजून साफ केलेलासुद्धा नव्हता.

या धंद्यातल्या ओळखीच्यांना विचारलं. कोणी म्हणतं जुनी नोंद राहिली असेल, कोणी म्हणतं उन्हाने तुझं डोकं फिरलं. जुन्या नोंदी पिंगला उत्तर देत नाहीत. मिलवाले मात्र खूश. फोन करून म्हणाले, "मॅडम, आता लगेच जॉइन होतात, काय केलं?" सेटिंग बदललं, असं सांगितलं.

त्या दिवशी नाना परत येईपर्यंत मी तो गोडाऊनचा डबा बंद करत होते, चालू करत होते. एकदा तरी वेळ लाव रे, एकदा तरी जुनं दार वाजव, असं त्याला चक्क हात जोडून म्हटलं. पण तो दर वेळी सरळ नव्याकडेच गेला, लगेच.