ओढली की आवळणारी गाठ

तुमची दोन्ही मनगटं खुर्चीला बांधून चाळीस माणसांनी कधी तुमच्यावर टिपणं काढली आहेत?

माझ्यावर काढली. बोईसरच्या एका हॉलमध्ये, दुपारच्या जेवणानंतर.

मी व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक होते. ठरावीक काळाने आम्हाला हे प्रशिक्षण पुन्हा करावं लागतं. नाही केलं तर प्रमाणपत्र जातं. प्रमाणपत्र गेलं की काम जातं. त्या दिवशी फळ्यावर विषय होता, आक्रमक रुग्णाची हाताळणी. शिकवायला शहरातून सर आले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज.

"दारुड्याची भूमिका कोण करेल?"

कुणी हात वर केला नाही. सर रांगांमधून चालत माझ्यापाशी आले आणि गळ्यातलं कार्ड उलटून माझं गाव वाचलं.

"चिंचणी. म्हणजे मासळीवाले. चला मॅडम, उठा. तुम्हाला अभिनय करावा लागणार नाही. घरी रोज खेळ बघितला असेल."

हॉल हसला. मीही हसले. लिहायला लाज वाटते, पण हसले.

पहिल्या रांगेतून आमच्या केंद्राचे संचालक म्हणाले, "सर, बांधायची गाठपण हिचीच. आमच्याकडे सगळे हीच गाठ मारतात. पेशंट सोडवूच शकत नाही."

कौतुकाने म्हणाले. आणि खरं होतं ते.

माझे बाबा होडीवर होते. नांगराच्या दगडाला मारायची गाठ त्यांनी मला लहानपणी शिकवली. ओढली की आवळते. जितकी ओढाल तितकी आवळते. "ही फकस्त दगडाला, बाय," बाबा म्हणाले होते. "जित्या जिवाला नाय मारायची." बाबा प्यायचे. गाठ मात्र कधी चुकीच्या जागी मारली नाही. मी मारली. केंद्रातले रुग्ण हाताला बांधलेल्या पट्ट्या सोडवून पळायचे म्हणून संचालक चिडले होते, तेव्हा मी हुशारी दाखवली. शाबासकी मिळाली. बाबांचं दुसरं वाक्य मी कुणाला सांगितलंच नाही.

"उत्तम," सर म्हणाले. "मग हिच्याच गाठीने हिला बांधा."

आमचा वॉर्डबॉय दिनेश चहापाणी द्यायला आला होता. त्याला पुढे बोलावलं. त्याने माझी मनगटं खुर्चीच्या हातांना बांधली. प्रशिक्षणाला आलेल्या दोघांनी मागून खांदे दाबले.

"ताई, हलू नको, लागंल," तो कानाशी पुटपुटला.

"हला," सर म्हणाले. "दारुडा हलतो. जोर लावा. शिव्या द्या. येत असतील ना भरपूर?"

मी हात ओढले. दोरी मांसात शिरली. पुन्हा ओढले. बोटांची टोकं आधी लाल झाली, मग जांभळी. सरांनी माझ्या गालावर चापट मारली. जोरात नाही. मेलेल्या जनावराला पायाने हलवून बघतात तशी.

"सर, सोडा. हात बधिर झालाय."

"बघा. आता विनवणी सुरू. विनवणीला उत्तर द्यायचं नाही. लिहून घ्या."

चाळीस पेनं चालू लागली.

सोडा, हात बधिर झालाय. हेच शब्द मी त्याच सकाळी ऐकले होते. प्रशिक्षणाला येण्याआधी केंद्रात डोकावले तेव्हा. खाटेवर मासवणचा लहानू होता. एका कारखान्यात टाक्या साफ करायचा. आत उतरण्याआधी प्यायल्याशिवाय तो वास सहन होत नाही म्हणायचा. ज्यांनी त्याला टाकीत उतरवलं त्यांना कुणी बांधलं नव्हतं. बांधलं होतं लहानूला, आदल्या संध्याकाळपासून, माझ्या गाठीने.

"बाय, हात सोड. बधिर झाला. पानी पितो नि परत बांध."

मी उत्तर दिलं नव्हतं. नोंदवहीत लिहिलं होतं, रुग्ण शांत. आणि वेळेवर हजेरी लागावी म्हणून रिक्षा पकडली होती.

मी खुर्चीसकट उठले. खांदे दाबणारे मागे कोलमडले. खुर्ची घेऊनच मी सरांच्या टेबलावर आदळले. काचेचा जग फुटला, त्यांचा लॅपटॉप पाण्यात गेला. कुणीतरी ओरडलं, धरा तिला. दिनेशने गाठ सोडवायला घेतली. सुटेना. शेवटी कात्री आणून दोरी कापली.

सर शर्टावरचं पाणी झटकत होते. "फारच मनावर घेतलंत. बसा. प्रमाणपत्र हवंय ना?"

"तुमी बसा त्या खुर्चीत," मी म्हटलं. "मी लिवून घेते."

कात्री दिनेशच्या हातातून घेतली आणि केंद्राकडे निघाले.

लहानूचा उजवा हात काळानिळा पडला होता. दोरी दिसतच नव्हती, सुजेत बुडाली होती. कापताना त्याची कातडी कापली, माझंही बोट कापलं. डावा हात सुटला तसा त्याने माझ्या तोंडावर ठोसा मारला. ओठ फुटला. दुसरा मारला. मी मदतीची घंटा वाजवली नाही. तो मारायचा थांबला तेव्हा त्याला पाणी पाजलं आणि रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं.

संध्याकाळी संचालकांनी नोंदवही माझ्यापुढे सरकवली. "रुग्णाने स्वतःला इजा केली, एवढं लिही. सरांशी मी बोलतो. तुझं प्रमाणपत्र होऊन जाईल."

मी सकाळची ओळ खोडली. खाली लिहिलं: याला मी शिकवलेल्या गाठीने रात्रभर बांधून ठेवलं. त्याने हात सोड म्हटलं. मी ऐकलं आणि निघून गेले. खाली सही केली, पानाचा फोटो काढला. त्याच दिवशी काम गेलं.

महिना झाला. लहानूच्या उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत. मी त्या पानाची प्रत आणि तक्रारीचा कागद घेऊन मासवणला गेले. त्याच्या बायकोने मला उंबऱ्याबाहेरच उभं केलं.

"लिवल्यानं बोटं मिटतात काय?"

"नाय."

"मंग कशाला आलीस?"

"तक्रार करायचीय. माझं नाव पयलं टाकून."

तिने माझ्या फुटलेल्या ओठाच्या वणाकडे बघितलं. माफ केलं नाही. मी माफी मागितलीही नव्हती. तिने तक्रारीचा कागद घेतला, अंगठा उठवून परत दिला आणि दार लावून घेतलं.

तक्रार दिली आहे. संचालकांचं नाव आहे, सरांचं आहे, सगळ्यात वर माझं आहे. कुणी दाबली तर पुन्हा देईन. जिथे असं प्रशिक्षण असेल तिथे दारात उभी राहीन आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला माझी मनगटं दाखवीन.

आता तुमचं काम. तुमचा बाप, भाऊ, नवरा अशा केंद्रात असेल तर उद्याच जा. फोन करू नका, फोनवर सगळे शांत असतात. समोर उभे राहा आणि त्याच्या बाह्या वर करून मनगटं दाखवायला सांगा. दाखवेपर्यंत तिथून हलू नका.