नंबर जुळलेलं पिस्तूल

...आणि तो परवाना तिसरा होता, हे काल सांगायचं राहूनच गेलं. पिस्तूल विकत घ्यायचा परवाना सहा महिने चालतो. आमच्या बाल्झ झोप्फीने पहिले दोन नुसते बघण्यात घालवले. दुकानात जायचं, जुनं लष्करी पिस्तूल मागायचं, खिशातून भिंग काढायचं आणि दुकानदाराच्या जेवणाची वेळ टळेपर्यंत एकेका तुकड्यावरचा नंबर वाचत बसायचं. मग भिंग खिशात, पिस्तूल काउंटरवर आणि "बघतो" म्हणून बाहेर. बाहेर गाडीत मी. झुरिचपर्यंत नेऊन आणलंय मी त्याला, चार वेळा!

माणूस कंजूष नव्हता. एकतीस वर्षं त्याने आमच्या डोंगरावरचा रोपवे चालवला. रोज सकाळी सगळे बोल्ट स्वतःच्या हाताने दोनदा तपासायचा. वर गाय अडलेली असो, खाली गुरांचा डॉक्टर घड्याळ दाखवत ओरडत असो, "एक बोल्ट वेगळा वाजला" म्हणाला की पाळणा जागचा हलायचा नाही. एकतीस वर्षांत कुणाला खरचटलं नाही, आणि कुणी वेळेवर पोहोचलंही नाही.

अशा माणसाच्या हातात आमच्या गावची अब्रू होती. नोव्हेंबरात चॅपलच्या कुरणावर नेमबाजी असते. प्रत्येक गावचे चार जण, जुनं लष्करी पिस्तूल, फौजेने दिलं तसंच्या तसं, आणि ज्याचं त्याचंच. नेमबाजाच्या वहीतला नंबर पिस्तुलाशी ताडून बघतात, उसनं चालत नाही. आमच्या चौथ्या गड्याची नजर गेली आणि दोन वर्षं आम्ही तिघेच उभे राहिलो. तिसऱ्या वर्षीही चार भरले नाहीत तर जागा जाते, पलीकडच्या गावाला. ते लोक अकरा वर्षं टपून बसलेले. माझा आजा त्या कुरणावर उभा राहिला होता, माझा बाप राहिला होता. आणि आता गावात धड नजरेचा एकच माणूस उरलेला, बाल्झ. त्याने फौजेतून सुटताना स्वतःचं पिस्तूल परत केलं होतं. का? तर "घरी काय करायचंय?"

मी त्याला शंभरदा सांगितलं, "अरे, एकोणपन्नासचं मॉडेल घे. दणकट आहे, गोळ्या कुठेही मिळतात, वर्षातून दोनदा झाडायला याहून काय पाहिजे?"

"ते अजून म्हातारंही झालेलं नाही," बाल्झ म्हणायचा.

त्याला हवं होतं त्याच्या आधीचं, पॅराबेलम. मागे गुडघ्यासारखी घडी मोडणारं. दिसायला राजस, पण त्याच्या गोळ्या शोधत फिरावं लागतं, आणि एक तुकडा तुटला की दुसरा बसवता येतो पण नंबर बदलतो. आणि बाल्झला सगळे नंबर जुळलेलेच पाहिजेत! एकाचे जुळले तर कुणीतरी पॉलिश करून ते नवरीसारखं चकाकवलेलं. दुसऱ्याची मूठ बदललेली. तिसरं सगळं ठीक, पण सैनिकाला कायमचं देताना मारतात तो शिक्का त्यावर नव्हता. "मग हे फौजेतून बाहेर आलं कसं?" असं त्याने दुकानदाराला तोंडावर विचारलं. त्या दुकानात त्याला पुन्हा बसायला सांगितलं नाही.

तिसरा परवाना शुक्रवारी संपणार, नेमबाजी रविवारी. गुरुवारी मला फ्रिडली हेफ्टीची आठवण झाली. फ्रिडली आणि मी एकाच पलटणीत. तो वारून चार वर्षं झाली होती, पण पिस्तूल रेगुलाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या कपाटात होतं, चादरींच्या खाली.

रेगुलाने कॉफी ठेवली, आलुबुखारा भरलेली पेस्ट्री कापली आणि पिस्तूल टेबलावर ठेवलं. "घेऊन जा बाबांनो. चादर काढायला गेलं की बोटाला गार लागतं."

बाल्झने भिंग काढलं. पेस्ट्री संपली, कॉफी निवली.

"सुंदर," तो म्हणाला. मी श्वास सोडला. "फक्त बाजूची पट्टी याची नाही. पिस्तुलाच्या नंबराचे शेवटचे आकडे सतरा, पट्टीवर बासष्ट."

"बाल्झ," रेगुला म्हणाली, "माझ्या नवऱ्याने हे तीस वर्षं झाडलं. पट्टीने कधी तक्रार केली नाही."

"तक्रार माझी आहे, वहिनी."

बासष्ट म्हटल्यावर मात्र माझ्या डोक्यात घंटा वाजली. सदुसष्टच्या सरावात शाळेच्या हॉलमध्ये लांब टेबलावर घोंगडी अंथरून आम्ही वीस जण एकदम पिस्तुलं खोलून साफ करायला बसलो होतो. फ्रिडली माझ्या शेजारी, तोंडाने अखंड गप्पा. पट्ट्यांची अदलाबदल झाली ते आमच्या वर्षभराने लक्षात आलं. कळवलं असतं तर दोन अर्ज आणि शिक्षा म्हणून एक दिवस जादा नोकरी. आम्ही गप्प बसलो, आणि पुढे विसरून गेलो.

मी घरी धावलो. या वयात! पिस्तूल आणलं. माझं बासष्ट, पट्टी सतरा.

बाल्झने दोन्ही खोलली, पट्ट्या बदलल्या. खट, खट. दोन्ही बसल्या. पुन्हा भिंग. मग त्याने भिंग खाली ठेवलं, आणि त्याचे डोळे चक्क भरून आले. त्याच टेबलावर कागद झाले, सह्या झाल्या, परवाना लागला. रेगुलाने चेरीची दारू ओतली. मला तर गाणं म्हणावंसं वाटत होतं. तीन वर्षांचा ताप उतरला, जागा वाचली, बापजाद्यांसमोर मान ताठ!

बाल्झ मात्र पिस्तूल रेगुलाने दिलेल्या जुन्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळत होता. हळूहळू, तान्ह्या पोराला गुंडाळावं तसं.

"काय रे," मी म्हटलं, "उद्या दुपारी सरावाला जाऊ. पन्नासेक गोळ्या झाडून बघ, रविवारी हात बसलेला असेल."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी पाळण्याचा दोर कापायला सांगितलं होतं.

"झाडायचं? कास्पर, अरे, इतक्या वर्षांनी दोन्ही पूर्ण झालीयत, आणि तुला एखादा तुकडा तोडायचाय? माझं तर सोडच, तुझंही आता कपाटात ठेव. फक्त नेमबाजीच्या समितीला आजच पत्र टाक, आपण येत नाही म्हणून. आयत्या वेळी कळवणं बरं दिसत नाही."